जिन्याने वर येणारी हवा : इंदूरमधल्या एका शूटिंग रेंजबद्दल

रेंज चांगली आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे वाचताना तसे वाटणार नाही. कोच मुलांवर ओरडत नाहीत. भाड्याच्या रायफलींची सर्व्हिसिंग वेळच्या वेळी होते. इलेक्ट्रॉनिक टार्गेट कुरकुर न करता चालतात आणि टार्गेटवरचा उजेड डोळ्यांना खुपत नाही. सेफ्टीच्या बाबतीत तर भलतेच कडक आहेत : नळीत सेफ्टी फ्लॅग (बंदूक रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत दोरी) दिसला नाही तर मुलाला लेनवरून उठवतात, मग तो कोणाचाही मुलगा असो. शिकवणीला पाचपैकी साडेचार. हवेला मात्र वेगळे गुण देणार आहे, तेही मजल्यागणिक. नाव लिहीत नाही. मालकांशी माझे भांडण नाही आणि त्यांनी काही कामे हातीही घेतली आहेत.

मी पिथमपूरला औषधांच्या कारखान्यात युटिलिटी विभागात आहे. एएचयू (हवा गाळून, गार करून खोल्यांत सोडणारे यंत्र), डक्ट, हेपा (अतिबारीक कण अडवणारा) फिल्टर, कोणत्या खोलीत प्रेशर किती, हाच दिवसभराचा धंदा. सवय अशी जडली आहे की लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा मी आधी छताकडे बघतो, मग नवरा-नवरीकडे. लेकीला इथे एअर रायफलला घातले तेव्हा बाकीचे आईबाप हप्त्यांचे विचारत होते; मी विचारले, हवा येते कुठून आणि जाते कुठे? काउंटरवरच्या पोराने अभिमानाने वर बोट केले, "भिया, चार-चार एसी लगे हैं!"

स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि पुन्हा खोलीतच सोडतो. बाहेरची हवा त्यात जराही येत नाही. आत जी जाळी असते ती केस आणि कापसाचे तंतू अडवायला. पण हे त्या पोराला कोणी सांगितलेलेच नसणार, आणि मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश असताना गार हॉलमध्ये शिरलेल्या माणसाला हवा चांगलीच वाटते. त्याचा दोष नाही.

इमारत अशी : तळघराच्या अर्ध्या भागात पॉइंट टू-टूच्या (.२२ बोअरच्या, काडतुसाच्या बंदुकांच्या) २५ मीटरच्या सहा लेन, उरलेल्या अर्ध्यात पार्किंग. पार्किंगमधून जिना वर जातो तो थेट पहिल्या मजल्यावरच्या एअर रायफलच्या १० मीटर हॉलच्या दाराशी. हा जिना लक्षात ठेवा.

आता हवेत नेमके असते काय. पॉइंट टू-टूच्या काडतुसाची गोळी बहुतेक वेळा उघड्या शिशाची असते, तांब्याचे कवच नसलेली. काडतुसाच्या कडेत जो प्रायमर (ठिणगी पाडणारा मसाला) असतो त्यात लेड स्टिफनेट, म्हणजे पुन्हा शिसेच. जोडीला बेरियमचे क्षार. घोडा दाबला की प्रायमर पेटतो, तापलेल्या वायूने गोळीच्या बुडाचे शिसे किंचित उडते, नळीत घासून आणखी थोडे सुटते आणि हे सगळे बारीक धुराच्या रूपात नेमबाजाच्या तोंडासमोर बाहेर पडते. समोर गोळी स्टीलच्या प्लेटवर आपटून फुटते तिथे पुन्हा धूळ. नाकाला येतो तो जळलेल्या पावडरीचा वास. शिशाला वास नाही. त्यामुळे "आज वास कमी आहे" यावरून काहीच ठरत नाही.

एअर रायफलचे गणित निराळे आहे. तिथे प्रायमर नाही, पावडर नाही, जळणेच नाही. दाबलेली हवा साधारण अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा सेकंदाला पावणेदोनशे मीटरच्या आसपास वेगाने फेकते. दक्षिण जर्मनीत हौशी नेमबाजांचे रक्त तपासले तेव्हा नुसती एअर गन चालवणाऱ्यांच्या रक्तात शिसे सगळ्यांत कमी निघाले, .२२ वाल्यांत त्याहून बरेच जास्त आणि मोठ्या बोअरच्या पिस्तुलाने झटपट गोळीबार करणाऱ्यांत सर्वाधिक. तेव्हा मुलगी एअर रायफल शिकते म्हणून कोणी घाबरून जाऊ नये. मीही घाबरलो नाही. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. ६० शॉटची एक मॅच म्हणजे जवळजवळ ३२ ग्रॅम शिसे. दिवसभरात वीस मुलांनी शंभर-शंभर छर्रे मारले तर किलोभर शिसे टार्गेटमागच्या डब्यांत जमते, चपटे झालेले, कडा झडलेले. ते डबे कोण, कसे आणि कुठे रिकामे करतो, तिथे एअर रायफलवाल्यांची खरी परीक्षा असते.

इथे ते डबे सकाळी सफाईवाल्या बाई रिकामे करतात, उघड्या हातांनी, प्लास्टिकच्या बादलीत. मग फूलझाडू. बाई कामाला चोख आहेत, कोपरा सोडत नाहीत, फरशीत तोंड दिसेल इतका हॉल चकचकीत. स्वच्छतेत वर्षानुवर्षे पहिला नंबर काढणारे आमचे शहर, इथे झाडू कमी पडणे शक्यच नाही. आणि नेमका तोच नडतो. कोरड्या झाडूने शिशाची बारीक धूळ जमिनीवरून उठून नाकाच्या उंचीवर येते आणि पहिली बॅच सुरू होईपर्यंत तरंगत राहते. हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम किंवा ओला पोछा, तिसरा मार्ग नाही. साधा घरगुती व्हॅक्यूम तर झाडूपेक्षा वाईट. पुढून ओढतो आणि बारीक ते सगळे मागून फेकतो.

फायरिंग पॉइंटवर निळे कार्पेट आहे. दिसायला छान, आवाजही दबतो. पण कार्पेटच्या लवेत जे शिरते ते निघत नाही. गुडघ्यावर बसून बूट बांधणारी मुले ते कपड्यांना लावून घरी नेतात, गाडीच्या सीटवर, सोफ्यावर. घरात रांगते मूल असेल तर ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. मोठ्या माणसाने गिळलेल्या शिशाचा थोडाच भाग अंगात मुरतो. लहान मुलांत तो निम्म्यापर्यंत जातो.

आणि खाणे! इंदूर आहे, खाण्यावाचून कुठले काम पुढे सरकते? हॉलच्या आतच, शेवटच्या लेनपासून हाताच्या अंतरावर, एक टेबल आहे. रविवारी सकाळी तिथे पोहे-जलेबीचे पुडे उघडतात. छर्रे भरून भरून मुलांच्या बोटांची टोके राखाडी झालेली असतात आणि त्याच बोटांनी पोह्यांवर शेव भुरभुरली जाते. कोचसरांना मी म्हटले, "सर, हवेचे राहू द्या, आधी हे टेबल बाहेर काढा." सॅनिटायझरची बाटली ठेवली आहे म्हणाले. सॅनिटायझर जंतू मारतो, शिसे हातावरच राहते. साबण आणि वाहते पाणीच लागते.

एवढे सोडले तर वरच्या हॉलची मांडणी मला मनापासून आवडली. टार्गेटच्या भिंतीत, वर, दोन एक्झॉस्ट फॅन आहेत आणि दार नेमबाजांच्या मागे. म्हणजे हवा मागून येते, पाठीवरून पुढे जाते आणि टार्गेटजवळून बाहेर पडते. बंदिस्त रेंजचे मूळ तत्त्व एवढेच आहे. आपल्या स्वयंपाकघरात फोडणीचा ठसका उठल्यावर पंखा लावला तर घरभर खोकला, एक्झॉस्ट लावला तर शेजाऱ्याला. दिशा ठरवली की अर्धे काम झाले. इथे ती ज्याने ठरवली, मुद्दाम असो वा नकळत, त्याचे कौतुक.

तळघराकडे वळतो.

तळघरात तीन स्प्लिट, काउंटरजवळ एक घरगुती एअर प्युरिफायर आणि भिंतींवर काळा फोम. प्युरिफायरवर हिरवा दिवा आणि पीएम २.५ चा आकडा. तो आकडा दाखवून मालक म्हणाले, "देखिए, बाहर से साफ है." तो सेन्सर कण मोजतो, कण उदबत्तीचा की शिशाचा हे त्याला कळत नाही. शिवाय तो मोजतो काउंटरपाशी, नेमबाजाच्या नाकाशी नाही. दिल्ली-इंदूरच्या हवेचा रोजचा आकडा पाहून डोक्यात एक पट्टी बसली आहे, ती इथे लावू नये. बाहेरच्या हवेत शिसे किती चालेल त्याची आपल्या देशाची मर्यादा २४ तासांच्या सरासरीने घनमीटरला १ मायक्रोग्रॅम आहे. अमेरिकेत कामगाराने आठ तास घ्यायच्या हवेची मर्यादा ५० मायक्रोग्रॅम, आपल्या १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या परिशिष्टात तर १५० होती. एकाच धातूचे हे तीन आकडे पाहिले की हिरव्या दिव्याची किंमत कळते.

पण तळघरातला मोठा घोळ निराळाच आहे. एकमेव एक्झॉस्ट फॅन, अठरा इंची, नेमबाजांच्या डोक्यामागे लावला आहे. पार्किंगची भिंत त्या बाजूला पडते, भोक पाडायला सोपे, म्हणून. म्हणजे सगळी उलटी गंगा : धूर पुढे निघतो आणि फॅन त्याला परत मागे ओढतो, सहाही जणांच्या चेहऱ्यांवरून. फॅन बंद ठेवला असता तर निदान धूर समोर तरंगत राहिला असता. उदबत्ती लावून हे दाखवता आले असते, पण तळघरात मी ती काढली नाही. फायरिंग लाइनच्या पुढे न जळालेल्या पावडरीचे कण पडत असतात, फोमच्या छिद्रांतही साठतात. बंदिस्त रेंजना आगी लागतात त्यात हे एक ठरलेले कारण आहे. म्हणून टिश्यूची पट्टी फुटपट्टीला चिकटवून फायरिंग लाइनवर धरली. पट्टी सगळ्या लेनवर नेमबाजाच्या तोंडाकडे वळली. मालकांनी स्वतः पाहिले.

असायला काय हवे ते कागदावर अवघड नाही. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी संस्था बंदिस्त रेंजना सांगते की फायरिंग लाइनवर हवा मिनिटाला ७५ फूट वेगाने पुढे सरकली पाहिजे, ५० च्या खाली कधीच नको. आणि आत सोडतो त्याच्या १० टक्के जास्त हवा बाहेर काढायची, म्हणजे रेंज सदैव किंचित निर्वात राहते आणि आतले बाहेर झिरपत नाही. हवा सोडायची ती मागच्या भिंतीतून, जमिनीपासून छतापर्यंत सारख्या भोकांच्या पत्र्यातून. छतातल्या डिफ्यूझरचा (हवा सोडणाऱ्या जाळीचा) झोत आला की नेमबाजाच्या अंगापुढे भोवरा होतो आणि धूर तिथेच घुटमळतो.

मालकांची शंका रास्त होती : मागून वारा आला तर शॉट नाही का हलणार? मिनिटाला ७५ फूट म्हणजे तासाला जेमतेम १.४ किलोमीटर. आजी देवळाला चालत जाते त्याच्या निम्म्यानेही नाही. शर्टाची बाहीही हलत नाही.

खर्चाचे मात्र खरे आहे, तिथे मी त्यांच्या बाजूने आहे. त्यांचे तळघर २४ फूट रुंद आणि ९ फूट उंच. २१६ चौरस फुटांना ७५ ने गुणले की १६,२०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला तितके घनफूट हवा. दीड टनाचा एक स्प्लिट फिरवतो साडेपाचशे-सहाशे, तो काउंटरवरचा प्युरिफायर दोनशेच्या आसपास. आणि ही सगळी हवा बाहेरून घेऊन मेमधल्या ४२ अंशांवरून २६ वर आणायची ठरवली तर चाळीस टनांच्या वर कूलिंग लागते. सहा लेनसाठी! फी कितीही लावा, निघत नाही. हेपा लावून थोडी हवा परत फिरवता येते, पण मग फिल्टरचा आणि ते बदलणाऱ्याच्या सुरक्षेचा खर्च. म्हणूनच जगभर २५ आणि ५० मीटरच्या रेंज शक्य तिथे उघड्या बांधतात : नेमबाजाच्या डोक्यावर छप्पर, पुढे आकाश. १० मीटरचीच तेवढी बंद हॉलमध्ये. मालक इंदूरजवळच्या महूच्या लष्करी छावणीचे उदाहरण देत होते, आर्मीची पोरे इतकी वर्षे फायर करतातच ना म्हणून. करतात. विजय कुमारने २०१२ साली लंडनला रॅपिड फायर पिस्तुलात रौप्य घेतले तोही महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्येच घडलेला. पण उघड्यावर वारा फुकट मिळतो. तळघरात तो विकत घ्यावा लागतो, आणि तो विकत घ्यायची ऐपत नसेल तर तळघरात .२२ चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तळघराला हवेसाठी पाचपैकी अर्धा, तोही मालकांनी पट्टी नीट पाहिली म्हणून.

आता तो जिना. वरच्या हॉलची दिशा बरोबर आहे असे म्हटले, पण एक्झॉस्टने बाहेर फेकलेल्या हवेची जागा भरायला हवा कुठून तरी यावीच लागते. हॉलच्या खिडक्या एसीसाठी सील केलेल्या. उरले दार आणि त्याच्या खालची दोन बोटांची फट. टिश्यू धरला तर आत खेचला जात होता, जोरात. दाराबाहेर जिना, जिन्याच्या तळाशी पार्किंग आणि पार्किंगमध्ये तळघराचा तो अठरा इंची फॅन दिवसभर धूर ओतत असतो. तळघरात .२२ सुरू असले की वरच्या हॉलमध्ये पावडरीचा वास यायचा आणि मुले म्हणायची, कसलं भारी वाटतं ना! कोचसरांना वाटे वास त्यांच्या कपड्यांना आहे. भिंतीवर पॅरिसमध्ये कांस्य जिंकणाऱ्या स्वप्नील कुसाळेचे पोस्टर, त्याखाली दहा मुले एअर रायफल धरून उभी आणि श्वासात खालच्या मजल्याची .२२.

हे मालकांना दाखवले तेव्हा ते खरेच दचकले. त्यांचा स्वतःचा मुलगा त्या बॅचमध्ये आहे.

कोचसरांची गोष्ट याहून महत्त्वाची. आपली मुले तासभर येतात. ते सकाळी आठपासून तिथे असतात, अर्धा वेळ खाली. मी त्यांना एवढेच म्हटले की शिरेतले रक्त देऊन शिशाची तपासणी एकदा करून घ्या, सफाईच्या बाईंचीही, आणि खर्च मालकांनी करावा. लहान मुलांसाठी अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी २०२१ पासून रक्तात डेसीलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमच्या वर गेले की लक्ष द्या म्हणते. मोठ्यांना त्रास जाणवेपर्यंत बरेच साठलेले असते : डोके दुखणे, चिडचिड, पोट बिघडणे, रक्तदाब. यातले कोणतेही लक्षण इंदूरच्या ट्रॅफिकच्या नावावर सहज खपते. रक्तातले शिसे महिन्या-दोन महिन्यांत उतरू लागते, हाडांत गेलेले मात्र वर्षानुवर्षे राहते. हवेचीही रीतसर तपासणी होते, कॉलरला छोटा पंप आणि फिल्टर लावून पूर्ण पाळीभर. आमच्याकडे कारखान्यात हे नेहमीचे आहे. मालकांना लॅब सुचवली आहे.

झालेले बदल सांगतो. खाण्याचे टेबल गेले, जिन्याखालच्या बेसिनजवळ साबण आला. सफाईला ओला पोछा आणि हातमोजे. छर्र्यांचे डबे आता झाकणाच्या बादलीत. हॉलच्या मागच्या बाजूला बाल्कनी आहे, तिथून फिल्टर लावून बाहेरची हवा घ्यायला भिंत फोडली, पंखा बसला आणि जिन्याच्या दाराला डोअर क्लोजर व खाली रबरी पट्टी लागली. परवा टिश्यू धरला तर दाराच्या फटीतून बाहेर, जिन्याकडे झुकला. तळघरातला धूर आता वर येत नाही. एसीचे बिल वाढले अशी मालकांची कुरकुर आहे आणि ती खोटी नाही. कार्पेट अजून तिथेच आहे, कारण ते नवे टाकले होते. वरच्या हॉलला हवेसाठी साडेतीन. कार्पेट निघाले की चार करीन.

तळघराचा फॅन समोरच्या टोकाला नेऊन, डक्टने गच्चीपर्यंत चढवायचे अंदाजपत्रक मी काढून दिले आहे. ७५ गाठता येणार नाही, पण दिशा तरी सुलटी होईल. तोवर तिथल्या लेन शनिवार-रविवारीच चालू असतात, म्हणून लेकीची बॅच आम्ही मंगळवार-गुरुवार घेतली. ती आली की बूट दाराबाहेर, शूटिंग जॅकेट वेगळ्या पिशवीत आणि आधी हात, मग फ्रिज. यावरून घरात रोज वाद होतो आणि रोज मीच जिंकतो असे नाही.

कोणाला जायचे असेल तर : पार्किंग तळघरात लावू नका, बाहेर रस्त्यावर निंबाखाली जागा मिळते. संध्याकाळी सातच्या बॅचला गर्दी कमी. लहान हाताच्या मुलांना बसेल अशी हलकी रायफल एकच आहे, तिच्यासाठी आधी फोन करून ठेवा.